मांजराचे पिलू घरी केव्हा आणावे?

आपल्याकडे वेळ पाहिल्याशिवाय फारशी कामे होत नाहीत. लग्नाला मुहूर्त लागतो, पेरणीला नक्षत्र लागते, बैल घ्यायचा तर बाजाराचा वार पाहावा लागतो. नवी केरसुणीसुद्धा आपण लक्ष्मीपूजनाच्या दिवसासाठी राखून ठेवतो. पण घरात येणारा एक जीव असा आहे, की त्याच्या येण्याची वेळ कोणीच पाहत नाही. शाळेतून परतताना मुलाने सदऱ्यात गुंडाळून आणले. उंदरांनी पोते कुरतडले म्हणून शेजारणीकडून मागून घेतले. किंवा भर पावसात ओट्यावर ओरडत बसले म्हणून दया येऊन आत घेतले. मांजराचे पिलू घरात येते ते बहुधा असे.

पुढे काय होते, तेही आपण पाहिलेले आहे. कुठे आठ दिवसांत ते पिलू हागवणीने मरते. कुठे महिन्याभरात दार उघडे मिळताच निघून जाते. आणि कुठे जगते, वाढते, वर्षाच्या आत त्या एकाची पाच होतात, आणि एका रात्री ती पाची पोत्यात घालून वेशीबाहेर सोडली जातात. मग आपण म्हणतो, “मांजराची जातच बेइमान! कुत्र्याचं तसं नाही.” मला मांजराची वकिली करायची नाही. पण यांतल्या बहुतेक प्रकारांत खोट मांजराच्या जातीत नसते, ते ज्या वेळी आणले त्या वेळेत असते, असे माझे म्हणणे आहे. म्हणून आज बोलायचे ते एवढ्या एका प्रश्नाविषयी, की पिलू घरी आणावे केव्हा?

प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. पिलाची वेळ झाली आहे का? घराची वेळ ठीक आहे का? ज्या कामासाठी ते हवे, त्या कामाची वेळ कोणती? आणि पुढच्या बारा-पंधरा वर्षांची हमी देण्याची आपली तयारी झाली आहे का? एकेक पाहू.

प्रथम पिलाची वेळ. मांजरीचे दिवस भरतात ते साधारण ६३ ते ६५ दिवसांत. जन्मलेले पिलू असते सुमारे १०० ग्रॅमचे. म्हणजे दोन मध्यम बटाट्यांपेक्षा जड नाही. डोळे मिटलेले, कान मिटलेले. साधारण आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत चालू लागते. चौथ्या आठवड्यात आईच्या खाण्याला तोंड लावू लागते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आपले आपण खाते. तोवर त्याची सगळी भिस्त आईवर.

मांजरी पिलाला मानेला धरून उचलते, पण “मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत” अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या तत्त्वज्ञांनी तर या दृश्यावरून भक्तीचा एक सिद्धान्तच उभा केला. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते. मांजराचे पिलू स्वतः काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने देवाला धरायचे, की देवाने भक्ताला उचलायचे, यावरून दक्षिणेतल्या वैष्णवांत दोन पंथ झाले. मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय म्हणतात ते हेच. आपल्याला त्या वादात पडायचे नाही. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मांजराचे पिलू आईवर संपूर्ण सोपवलेले असते. तुम्ही ते तिच्यापासून उचलले, की तिचे सगळे काम तुमच्याकडे आले.

आता खेड्यापाड्यांत एक समज आहे, की डोळे उघडले रे उघडले की पिलू आणावे. लहानपणी आणले म्हणजे लळा लागतो. या समजात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य नेहमीच जास्त घात करते. सत्य किती ते पाहा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श या बाईंनी १९८० च्या दशकात पिलांवर बरेच प्रयोग केले. त्यांना असे आढळले, की दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिलांना माणसाने रोज हातात घेतले, ती मोठेपणी माणसाला धरून राहतात. रोज १५ मिनिटे हाताळलेल्या पिलांपेक्षा रोज ४० मिनिटे हाताळलेली अधिक माणसाळली. हा काळ हुकला, तर पुढे मांजर माणसाळायला फार कठीण जाते.

मग कोणी म्हणेल, “अहो, म्हणजे लवकर आणावे हेच खरे!” नाही. माणसाचा हात लवकर लागावा हे खरे. आई लवकर सुटावी हे खरे नाही. या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो. २०१७ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ ६,००० पाळीव मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरे मोठेपणी जास्त बोचकारणारी, चावरी निघाली. उलट १४ आठवडे आईजवळ राहिलेल्यांत वेडेवाकडे चाळे कमी होते. याचे कारण समजायला अवघड नाही. भावंडांशी खेळताना पिलू जोराने चावले, की भावंड ओरडते, खेळ मोडतो. आईला चावले, की ती पंजाने थोपटून बाजूला सारते. दात कुठवर लावायचे, नखे केव्हा आत घ्यायची, हे शिक्षण तिथे मिळते. ज्याचे ते शिक्षण झालेले नाही, ते तुमच्या लेकराच्या हातावर शिकणार.

मग करायचे काय? उपाय अगदी सोपा आहे आणि खेड्यात तर तो शहरापेक्षाही सोपा. ज्या शेजारणीकडे मांजर व्यालेले आहे, तिच्याकडे पिलू बोलून ठेवावे. दोन-तीन आठवड्यांनंतर मुलांनी रोज तिथे जाऊन बसावे, पिलाला मांडीवर घ्यावे, गोंजारावे आणि परत आईजवळ सोडून यावे. लळा तिथेच लागू द्यावा. पिलू मात्र घरी आणावे ते आठ आठवडे पुरे झाल्यावरच. आठ ही खालची मर्यादा झाली. दहा-बारा आठवडे उत्तम, आणि शेजारीण ठेवून घेत असेल तर त्याहून थोडे अधिक झाले तरी बिघडत नाही.

वय ओळखायचे कसे? मागची तारीख कोणाला आठवत नसली, तरी डोळे सांगतात. लहान पिलाचे डोळे निळसर असतात. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास तो निळा रंग जाऊन पिवळा, हिरवट किंवा तपकिरी रंग येऊ लागतो. डोळे निळेच असतील तर समजावे, की याची अजून आईजवळची वेळ आहे. दुसरी खूण वजनाची. निकोप पिलू दर आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमने वाढते, म्हणजे आठ आठवड्यांचे पिलू साधारण पाऊण किलोच्या पुढे भरते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे पुढे ठेवलेले अन्न ते आपले आपण खाते की नाही.

लवकर आणलेल्या पिलाचा घात बहुधा वाटीभर दुधाने होतो. मांजर म्हणजे दूध, असे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पण मांजरीचे दूध गाईच्या दुधापेक्षा फार सकस असते. आणि गाई-म्हशीच्या दुधातली साखर पुष्कळ मांजरांना पचत नाही. एवढ्याशा पिलाला हागवण लागली, की अंगातले पाणी जाऊन ते एक-दोन दिवसांत मान टाकते. मुले रडतात, आजी म्हणते, “त्याचं आयुष्यच तेवढं होतं.” आयुष्य तेवढे नव्हते, माउली, चार आठवडे घाई झाली.

आता पावसात सापडलेल्या पिलाचे काय? तिथे वेळ पाहत बसता येत नाही, हे खरे. पण उचलण्यापूर्वी जरा थांबावे. मांजरी पिलांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. जागा धोक्याची वाटली की ती पिले खरोखरच हलवते, आणि एकेकच नेता येत असल्याने मागे एखादे राहिलेले दिसते. शिवाय तिला पोटासाठी बाहेर जावेच लागते. पिलू कोरड्यात सरकवून दुरून काही तास पाहावे. बहुतेक वेळा ती येते. नाहीच आली, तर आधी ऊब, मग अन्न, हा क्रम विसरू नये. गार पडलेल्या पिलाच्या तोंडात काही घालू नये. फडक्यात गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून अंग ऊबदार झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पिलांसाठी वेगळे तयार दूध मिळते; ते किती नि कसे पाजायचे, हे डॉक्टर दाखवतील. पाजताना पिलू पालथेच असावे, तान्ह्या मुलासारखे उताणे धरू नये. दूध फुफ्फुसात जाते.

आता दुसरा प्रश्न, घराच्या वेळेचा. पिलू तयार आहे, पण घर तयार आहे का? नव्या घरातले पहिले पंधरा दिवस पिलाच्या दृष्टीने फार मोलाचे. त्या दिवसांत घर शांत हवे आणि निदान एक मोठे माणूस घरी हवे. या हिशेबाने कोणते दिवस वाईट ते आपोआप कळते. दिवाळी नको, फटाक्यांच्या पहिल्याच माळेला पिलू कुठे जाऊन दडेल त्याचा पत्ता लागणार नाही. घरात लग्नकार्य असेल तर नको, पाहुण्यांच्या पायांत येईल. घर बदलायचे असेल, रंगरंगोटी किंवा कौले चाळणे चालू असेल, तर ते उरकू द्यावे. सुगीत घरातली सगळी माणसे दिवस उगवताच शेतावर जातात, म्हणून तेही दिवस नकोत. आणि मेच्या सुट्टीत मुलांना वेळ असतो हे खरे, पण महिनाभर मामाच्या गावाला जायचे असेल तर पिलू आल्यावरच आणावे, जाण्याच्या आधी नव्हे. तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत पिलाला दिवसातून चार वेळा थोडेथोडे खायला लागते. कुलूपबंद घरात ते कोण देणार?

घरात बाळंतपण व्हायचे असेल तर? इथे भीती फार आणि माहिती थोडी, असे दिसते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जंतू येऊ शकतो आणि गर्भारपणात बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला अपाय होऊ शकतो. हे खरे आहे. पण तो जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी, ती गर्भार बाईने काढू नये आणि मातीत काम केल्यावर, भाजी चिरण्यापूर्वी हात धुवावेत. कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही हा जंतू येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा घरातले जुने मांजर हाकलून देण्याचे कारण नाही. पण नवे पिलू आणायचे असेल, तर बाळंतपण होऊन, बाळ थोडे मोठे होऊन, घरातली जागरणे संपू द्यावीत. एका वेळी एकच तान्हे पुरे. बाळाच्या पाळण्यात मांजर निजू देऊ नये, हेही याच ओघात सांगून ठेवतो.

पिलू आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस एकाच खोलीत ठेवावे. एका बाजूला खाणे-पाणी, दुसऱ्या बाजूला जुन्या घमेल्यात माती किंवा वाळू, आणि लपायला एक खोके. माती उकरून झाकणे हा मांजराचा उपजत स्वभाव आहे. घमेले दाखवले की बहुतेक पिलांना दुसरा धडा लागत नाही. हळूहळू घर मोकळे करावे आणि अंगणात सोडण्याची घाई आणखी तीन-चार आठवडे तरी करू नये. घर म्हणजे आपले ठिकाण, हे एकदा अंगी मुरले, की “पळून गेलं” असे म्हणण्याची पाळी सहसा येत नाही.

तिसरा प्रश्न शेतकरी श्रोत्यांच्या जिव्हाळ्याचा, उंदरांचा. मांजराचे आणि माणसाचे नाते जुळले तेच मुळी धान्यामुळे. माणसाने धान्य साठवले, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. त्याला कोणी अक्षता दिल्या नव्हत्या. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी सुमारे आठ महिन्यांचे मांजर पुरलेले सापडले. २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणी तरी ते, किंवा त्याचे पूर्वज, होडीतून बरोबर नेले असले पाहिजेत. इतका हा संबंध जुना.

पण मांजर आणले की उंदीर संपले, असे होत नाही. कुओ नावाच्या एका चिनी शास्त्रज्ञाने १९३० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिले चार महिन्यांची होईपर्यंत उंदीर मारू लागली. एकेकटी वाढवलेली २० पिले होती, त्यांतली फक्त ९ मारू लागली. आणि लहानपणापासून उंदराबरोबरच वाढवलेली १८ पिले होती, त्यांतल्या तिघांनीच उंदीर मारला. यातून शेतकऱ्याने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. पिलू घ्यायचे तर शिकारी भाटीचे घ्यावे, आणि तिची शिकवणी संपू द्यावी. ती आधी मेलेला उंदीर आणून पिलांपुढे टाकते, मग अर्धमेला आणते, मग त्यांच्यासमोर जिवंत सोडते. कोणत्याही शाळेतल्या गुरुजींनी शिकावी अशी ही पद्धत आहे, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी! चार आठवड्यांचे पिलू उचलून आणणे म्हणजे पहिलीच्या वर्गातून मूल काढून त्याला हिशेबनीस म्हणून दुकानात बसवणे.

आता कामाची वेळ मोजू या. पिलू खऱ्या अर्थाने उंदरावर जाऊ लागते ते पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर. म्हणजे उंदीर दिसल्यावर पिलू आणून उपयोग नाही; धान्य घरात येण्याच्या आधी तीन महिने आणले पाहिजे. खरिपाची रास कार्तिकात घरात येते असे धरले, तर वैशाखात जन्मलेले पिलू श्रावणात घरी यावे. रब्बीची ज्वारी फाल्गुनात यायची असेल, तर भाद्रपदात जन्मलेले पिलू मार्गशीर्षात आणावे. बी-बियाण्याची तजवीज आपण आधी करतो ना, तशीच ही.

यासंबंधी आणखी तीन गोष्टी. एक, उपाशी ठेवले की मांजर जास्त उंदीर मारते, हा समज सोडून द्यावा. शिकार ही मांजराची नुसती भूक नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. भरल्या पोटीही ते उंदरावर झडप घालते. उपाशी मांजर मात्र शेजारच्या घरातल्या शिंक्याखाली जाऊन बसते. दोन, मोठी घूस हे मांजराचे काम नव्हे. तिच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत, आणि पिलाला तर घूसच इजा करील. तीन, उंदराचे विष आणि मांजर एका घरात ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, की ते विष मांजरालाही बाधते. ज्या घरात विषाच्या गोळ्या किंवा वड्या ठेवलेल्या आहेत, तिथे त्या काढून, बिळे तपासून, मेलेले उंदीर पुरून मगच पिलू आणावे. फिनेलने पुसलेली ओली जमीनही मांजराला वाईट. ते पाय चाटते आणि फिनेल पोटात जाते. आणि ताप आला म्हणून आपल्या डोकेदुखीची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधी, कधीही देऊ नये. तेवढ्याने ते मरते.

शाकाहारी घरांनी एक विचार आणण्यापूर्वीच करावा. मांजर हे मांसावर जगणारे जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला आहारातूनच घ्यावे लागते आणि ते मांस-मासळीत असते, भाजी-भाकरीत नसते. ते न मिळाल्याने मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि हृदयही दुबळे होते हे १९८७ साली सिद्ध झाले. खेड्यातले मोकळे मांजर उंदीर खाऊन आपली ही गरज भागवते. पण जे मांजर घरातच राहणार, त्याला नुसत्या दूधभाकरीवर ठेवणे म्हणजे हळूहळू आंधळे करणे होय. घरात मासळी-मटण शिजत नसेल, तर मांजराचे तयार खाद्य आणण्याची तयारी हवी. तीही नसेल, तर पिलू न आणणे हाच त्याच्यावर उपकार.

आता चौथा प्रश्न, हमीचा. मांजर नीट सांभाळले तर बारा-पंधरा वर्षे जगते. आज तिसरीत असलेल्या ज्या मुलीने हट्टाने पिलू आणवले, ती सासरी किंवा नोकरीला जाईल तेव्हाही ते मांजर ओसरीवर असेल. तेव्हा हमी मुलीकडून घेऊन भागत नाही. ती घरातल्या कर्त्या माणसांनी द्यायची असते.

या हमीत काय काय येते? पहिल्या आठवड्यातच जंताचे औषध. मांजरांत पॅनल्युकोपेनिया नावाचा उलटी-जुलाबाचा जीवघेणा साथीचा रोग असतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यायची असते. तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची लस. रेबीज म्हणजे कुत्र्याचाच रोग, असे आपण धरून चालतो. तो मांजरालाही होतो आणि मांजराच्या चावण्याने माणसालाही होतो. एकदा लक्षणे दिसू लागली, की या रोगापुढे औषध चालत नाही, असेच म्हटले पाहिजे. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. लुई पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे. म्हणून मांजर चावले, किंवा त्याच्या नखाने रक्त निघाले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, तिखट लावून वेळ घालवू नये.

आणि हमीतला शेवटचा भाग, ज्याची चर्चा घरात करायला आपण संकोचतो. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली, की माजावर येऊ शकते. वर्षातून दोन-तीन वेळा विते, एका वेतात साधारण चार पिले. म्हणजे श्रावणात आणलेल्या एका पिलाचा पुढच्या श्रावणापर्यंत केवढा गोतावळा होतो, ते तुम्हीच मोजा. एवढ्या पिलांना घरे कुठून मिळणार? मग निघते ते पोते, आणि मग येते ती वेस. १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेले जनावर उपाशी-तहानेले मरेल अशा रीतीने टाकून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचे राहू द्या. ज्या घरात ‘अतिथी देवो भव’ची पाटी आहे, त्या घराला हे शोभत नाही. यावर उपाय आहे. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास, पहिल्या माजाच्या आधी, पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. बोक्याचीही करावी, मग तो दूरदूर भटकत नाही, मारामारी करून जखमा घेऊन येत नाही. शस्त्रक्रियेने शिकार सुटते हा समज निराधार आहे. पिलू आणतानाच या खर्चाची आणि खेपेची मनाशी नोंद करून ठेवावी. ती नोंद करायला मन कचरत असेल, तर पिलाची वेळ झाली असली तरी आपली झालेली नाही, असे समजावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पावसाळ्यात वर्गात दप्तरातून पिलू निघण्याचा प्रसंग तुमच्यावर येतोच. मुलावर रागावू नका. त्याच्या मनात दया आली, ही चांगलीच गोष्ट आहे. तिला वळण मात्र लावा. पिलाच्या डोळ्यांचा रंग कोणता, ते आपले आपण खाते का, ते कुठे सापडले, आई जवळपास होती का, हे प्रश्न त्या मुलालाच विचारा आणि उत्तर निळ्या डोळ्यांचे आले, तर चार मुलांबरोबर पिलू जिथून आणले तिथे परत पाठवून, दुरून पहारा करायला सांगा. गावात एखाद्या घरी माणसाळलेली मांजर व्याली असेल, तर त्या घरच्यांच्या संमतीने मुलांकडून एक तक्ता करून घेता येईल. डोळे उघडले ती तारीख, चालू लागले ती तारीख, पहिला घास खाल्ला ती तारीख, आणि रविवारच्या रविवारी वाण्याच्या तराजूत वजन. आठ आठवड्यांत निरीक्षण, मोजमाप, आलेख आणि भूतदया, असे चार विषय एकदम होतात. आणि त्या मुलांपैकी कोणी पुढे चार आठवड्यांचे पिलू घरी आणणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, थोडक्यात सांगायचे ते असे. पिलू आपले आपण खात असेल आणि निदान आठ आठवडे आईजवळ राहिले असेल. घरात पंधरा दिवसांची शांतता आणि एक मोकळे माणूस असेल. उंदरांसाठी हवे असेल तर रास यायला अजून तीन महिने असतील आणि घरात विष नसेल. आणि लस, शस्त्रक्रिया व पंधरा वर्षांचे खाणे यांची हमी कर्त्या माणसाने दिली असेल, तर पिलू खुशाल घरी आणावे. यांतले एक जरी उणे असेल, तरी थांबावे. थांबल्याने काही बिघडत नाही. मांजरे पुन्हा वितात.

मांजरी पिलाला दातांत धरते, पण दात लागू देत नाही. ते पिलू तिच्या तोंडातून आपल्या हाती घ्यायचे, तर आपला हातही तितकाच जपून धरणारा हवा. तो तसा झाला, म्हणजेच पिलू घरी आणण्याची वेळ झाली.